जरा सरकून

गेणबानं वरच्या ओळीतलं तिसरं बटण दाबलं, उजव्या हातातली नखी तारेवर मारली आणि मान हलवली. हा तो सूर नव्हता. त्यानं शेजारचं बटण दाबलं. हाही नव्हता.

नवा कोरा बुलबुलतरंग त्याच्या मांडीपुढं घोंगडीवर ठेवला होता. त्याचा भाचा वाल्मीक सकाळच्या गाडीनं पुण्याहून तो घेऊन आला होता आणि आता ओटीच्या खांबाला टेकून बशीतून चहा पीत होता. आत सैपाकघरात बायकांची लगबग चालली होती. चार वाजता घाणा भरायचा होता. दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना आंब्याचा डहाळा लावायचा, पाच सवाष्णींनी ती धरून उखळात हळकुंडं कांडायची आणि त्या ठोक्यावर गाणं म्हणायचं. मग जयाला हळद लागायची, आणि उद्या दुपारी लग्न.

"मामा, जरा सरकून बसा की," वाल्मीक म्हणाला आणि स्वतःच फसकन हसला.

हा कासार आंबोलीतला जुना विनोद होता. गेणबा वाद्य घेऊन कुठंही बसला की कुणीतरी हे म्हणायचंच. गेणबाही हसायचा. आज तो हसला नाही, पण रागावलाही नाही. गेल्या सहा महिन्यांत त्याला दोन्ही जमत नव्हतं.

"वरची बटणं हायेत ना, ती अधल्यामधल्या सुरांची," वाल्मीक बशी खाली ठेवत म्हणाला. "दुकानदारानं समजावून सांगितलं मला. तुमच्या जुन्यात सातच सूर. ह्यात बारा. ह्यात न्हाई असं गाणंच न्हाई म्हणं."

"आसंल," गेणबा म्हणाला आणि पुढचं बटण दाबलं.

जुना बुलबुल गेणबानं स्वतः करून घेतला होता, त्याला आता अठरा वर्षं झाली. पौडच्या बाजारात एक दंतमंजनवाला यायचा. तो गर्दी जमवायला असलंच काहीतरी वाजवायचा: लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर दाबायची बटणं, एक ओळ खाली, एक ओळ वर. गेणबाला त्या वाद्यानं वेडच लावलं. तिसऱ्या बाजाराला त्यानं धीर करून विचारलं आणि दंतमंजनवाला भाकरी खायला बसला तेवढ्यात सुती दोऱ्याला गाठी मारून बटणांची मापं घेतली. खालची ओळ मापून झाली आणि त्या माणसाची पौड सोडून जायची वेळ झाली. वरच्या ओळीची मापं राहिली. भिवाजी सुतारानं फणसाच्या लाकडाची पेटी केली, छत्रीच्या काड्या वाकवून पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्या टोकाला जुन्या कोटाची बटणं डकवली. मग त्यानं विचारलं, वरच्या ओळीचं काय करायचं?

"ती शोभेची असतीया," गेणबानं ठणकावून सांगितलं होतं.

आणि खरं सांगायचं तर अठरा वर्षं त्याचं काही अडलंही नाही. ती पेटी मोठी गुणाची होती. कुणीही बोट कुठंही ठेवावं, सूर सुराला धरूनच यायचा. जे खुपेल ते तिच्यात नव्हतंच मुळी. मारुतीच्या देवळातली भजनं, आरत्या, सणावाराची गाणी, सगळं त्या पंधरा बटणांत बसायचं. चुकायला जागाच नसल्यामुळं गेणबा कधी चुकला नाही, आणि कधीही न चुकणाऱ्या माणसाला जी थोडी मिजास चढते ती त्यालाही चढली होती. तक्रार एकच होती. शेजारी सोबतीला जी एक तार सारखी घुमत ठेवायची ती अधूनमधून आपोआप चढायची. रानातून येऊन बघावं तर ताणलेली. फणसाचं लाकूड उन्हानं ओढ खातं, असं भिवाजी म्हणायचा. गेणबा खुंटी पिळून तार जागेवर आणायचा आणि भजनाला जायचा.

त्या पेटीत न बसणारं गाणं गावात एकच होतं, आणि ते त्याच्या बायकोचं होतं.

रत्नाबाईचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं होतं. ती लहान असतानाच गाव उठलं, माणसं वाट फुटेल तिकडं पांगली. तिच्या आईनं येताना जातं आणलं, देव आणले आणि घाण्याचं एक गाणं आणलं. घरातल्या पहिल्या घाण्याला नवरीच्या आईनं आपल्या माहेरचं गाणं म्हणायचं, अशी तिकडची रीत. शब्द साधेच होते.

हळकुंडा तू कोण्या रानी पिकला,
लेकीच्या अंगाला कोण्या हातानं लागला.

चाल मात्र निराळी होती. वर चढताना तिसऱ्या पायरीला ती हळूच खाली दबायची, जिन्याच्या झिजलेल्या पायरीवर पाय पडावा तशी. गावात कुणाकडं घाणा असला की बायका तिला ते म्हणायला लावायच्या. गेणबा पेटीवर साथ करायला बसायचा आणि त्या जागेला त्याचा सूर एकीकडं आणि रत्नाबाईचा दुसरीकडं जायचा. मग तो तारांवर तळहात ठेवून पेटी बंद करायचा आणि तिचं गाणं संपेपर्यंत छताकडं बघत बसायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"तिसऱ्या सुराला घसरतीस तू," तो घरी आल्यावर सांगायचा. "पेटी कशी खोटं बोलंल?"

एकदा, जया पाळण्यात असताना, ती म्हणाली होती, "तुमी जरा सरकून बसा की."

गेणबाला हे इतकं गमतीचं वाटलं की त्याच संध्याकाळी त्यानं देवळात सगळ्यांना सांगितलं. सूर जमत नाही तर बायको म्हणते सरकून बसा! बुडाखालची जागा बदलली की सूर बदलतो, ऐका! लोक पोट धरून हसले. तेव्हापासून तो विनोद गावाचाच झाला. रत्नाबाईनं पुढं एकदाच, पुतणीच्या लग्नात, ते गाणं म्हटलं, तेही उंबऱ्याच्या आत उभं राहून. जया तेव्हा आठ वर्षांची होती. त्यानंतर ते गाणं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

कार्तिकात रत्नाबाईला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून जयाचं लग्न वैशाखात धरलं. गेणबानं सगळं केलं. बैलांना वैरण घातली, भात झोडलं, सोयरिकीला जाऊन आला, मांडवाला मेढी रोवल्या. रडला मात्र नाही. लोक आधी म्हणाले, घट्ट आहे. मग म्हणाले, कोरडा आहे. त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की हात थंडीनं बधिर झाला की चिमटा काढलेला कळतो पण दुखत नाही, तसं आहे. पण कुणी विचारलं नाही.

जयानं तीन आठवड्यांपूर्वी एकदाच सांगितलं होतं. भाकरी थापता थापता, वर न बघता.

"आईचं गाणं झाल्याबिगर मी हळद लावून घ्यायची न्हाई, आबा."

"तुला येतंय का?"

"बोल येत्यात. चाल न्हाई येत. पर आली कानावर तर वळखंन मी."

चाल आता पुरती एकालाच ठाऊक होती. ज्यानं ती चूक म्हणून लक्षात ठेवली होती त्याला. गेणबाला ती लख्ख ऐकू यायची, ती दबकी तिसरी पायरीसुद्धा. पण त्याचा गळा म्हणजे नुसता फुटका घडा, आणि पेटीत ती पायरी नव्हती. म्हणून त्यानं वाल्मीकला पोस्टकार्ड टाकून वरच्या ओळीचा बुलबुल मागवला. जुनी पेटी रत्नाबाई गेल्यापासून तिच्याच लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून माळ्यावर पडली होती.

"आला का सूर?" वाल्मीकनं विचारलं.

आला होता. वरच्या ओळीतलं दुसरं बटण. गेणबानं ते तीनदा वाजवलं. तोच सूर, दबका, खाली बसलेला. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. सा, रे, आणि मग बोट वर न्यायचं. पण अठरा वर्षं सरळ रेषेत पळालेलं बोट खालच्याच बटणावर पडलं. पुन्हा केलं. या खेपेला बोट वर गेलं, पण गाणं अडखळलं. तरी तसंच रेटत तो पुढं गेला तर वरच्या अंगाला आणखी एक जागा निघाली, तीही कुठंतरी खाली दबणारी. ती हुडकताना पहिली हातातून निसटली. बारा सुरांच्या पेटीत सगळं होतं हे खरं, पण त्यात चुकाही सगळ्या होत्या. जुन्या पेटीत बोटाला विचारच करावा लागत नसे; इथं प्रत्येक पावलाला दोन वाटा फुटत होत्या.

जया दारात येऊन उभी राहिली. हातात हळकुंडांचं सूप होतं. गेणबानं तिच्याकडं न बघता पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. जमेल तेवढं वाजवलं आणि थांबला.

"हे न्हाई," जया म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जवळ हाय. पर हे आईचं न्हाई."

"सूर तोच हाय."

"आसंल."

ती सूप घेऊन आत गेली. ऊन ओटीच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं, म्हणजे तीन वाजून गेले असावेत.

सारजाबाई बाहेर आली. गेणबाच्या थोरल्या भावाची बायको, रत्नाबाईची जाऊ. चोवीस वर्षं दोघींची चूल वेगळी आणि मागचं दार एक होतं. ती उंबऱ्यावर टेकली आणि पदरानं गळ्याचा घाम पुसला.

"भावजी, पोरीला समजवा. मी म्हणते माझ्या माहेरचं. घाणा का थांबतोय?"

"ती ऐकायची न्हाई."

"आईवर गेलीया." सारजाबाई नव्या पेटीकडं बघत राहिली. "आन् ह्ये कशाला आणलं? जुनी मोडली का?"

"जुनीत त्यो सूर न्हाई, वैनी."

"कंचा सूर?"

"रत्नीच्या गाण्यातला."

सारजाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू हा माणूस चेष्टाच करतोय.

"न्हाई कसा?" ती म्हणाली. "ती तर त्याच्यावरच वाजवायची."

गेणबानं नवी पेटी मांडीपुढून बाजूला सारली.

"कोण वाजवायची?"

"कोण म्हंजे? रत्ना. तुमी रानात गेलात, घरात कुणी नसलं की काढायची पेटी. आधी बोटानं हुडकत बसायची. घसरतीया म्हणत्यात, तर घसरतीया का काय ते बघते, म्हणली. आठ-धा दिस लागलं. मग आलं की समदं गाणं. म्या मागच्या दारात बसून किती येळा ऐकलंय."

"त्या पेटीवर?"

"मग काय माझ्या परातीवर?"

वाल्मीक खांबापासून थोडा पुढं झाला होता. गेणबा सारजाबाईकडं वळला.

"मला कधी सांगितलं न्हाई तिनं."

"सांगितलं व्हतं की," सारजाबाई उठत म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय." आणि कुणीतरी आतून हाक मारली म्हणून ती गेली.

 गेणबा उठून आत गेला, माळ्याला शिडी लावली आणि धडप्याचं गाठोडं खाली घेऊन आला. गाठ सोडली. पेटीवर धूळ नव्हती. लुगडं जाड होतं. पंधरा बटणं, कोटाची, काही तपकिरी, काही काळी. पहिलं बटण त्याच्या बोटानं झिजून चपटं झालेलं. तिथंच सुरुवात, तिथंच सा, अठरा वर्षं. आणि दुसऱ्या बटणावर कुंकवाचा वाळलेला ठिपका.

हा ठिपका त्यानं दर वर्षी बघितला होता. खंडेनवमीला नांगर, कोयते, विळे यांच्याबरोबर पेटीची पूजा व्हायची आणि रत्नाबाई हळदकुंकू लावायची, ते दर वर्षी दुसऱ्याच बटणाला. पहिल्याला लाव, सुरुवात तिथनं हाय, असं त्यानं एकदा सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, राहू द्या, माझी हितनं हाय. त्यानं ते बोलणं ऐकलं होतं आणि त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. हा ठिपका गेल्या दसऱ्याचा होता. तिनं लावलेला शेवटचा.

गेणबानं बोट त्या ठिपक्यावर ठेवलं.

नखी मारली. दुसरं बटण, तोच आता सा, मग तिसरं, मग चौथं. तिसऱ्या आणि चौथ्यात अंतर कमी होतं. दोऱ्याला गाठी मारताना त्याच्याच हातानं त्या जवळ बांधल्या होत्या. आजवर ते जवळचं पाऊल त्याच्या मोजणीत नेहमी पुढं पडायचं. एक बटण सरकल्यावर ते नेमकं तिसऱ्या पायरीला आलं, आणि सूर खाली दबला. झिजलेल्या पायरीवर पाय पडावा तसा.

सोबतीची तार तेवढी खटकत होती. त्यानं खुंटीला हात घातला, थोडी पिळली, तार चढली आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. मग त्याचा हात खुंटीवरच थांबला. उन्हानं ओढ खाणारं फणसाचं लाकूड त्याला आठवलं. ती वाजवून झाल्यावर तार उतरवायला विसरत असेल. किंवा विसरत नसेलही. कितीदा तरी संध्याकाळी ती चढलेली तार त्याच्यासमोर आली होती, आणि तो दर वेळी तिला खाली आणत होता.

त्यानं पहिल्यापासून वाजवलं. बोटाला कुठं विचार करावा लागला नाही. वरच्या अंगाची ती दुसरी अडचणीची जागाही आपसूक आली, सरळ रेषेत, एकामागून एक, जशी बाकीची सगळी गाणी यायची तशी. एवढं सोपं होतं ते. गाणं एकदा संपलं आणि त्याचा तळहात सवयीनं तारांकडं निघाला. त्यानं तो परत घेतला आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

आतली लगबग थांबली होती. जया दाराशी आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि तिनं आवाज लावला. आधी अगदी बारीक. हळकुंडा तू कोण्या रानी पिकला. तिसऱ्या पायरीला तिचा आवाज खाली बसला, न चुकता, आणि सारजाबाईनं आतून मोठ्यानं "बघा!" म्हटलं. मग मुसळाचा पहिला ठोका पडला.

गेणबाला वाईट वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा, पाय वाकडा पडल्यावर कळ यावी तसं. ती गेल्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त ती इथं याच घोंगडीवर एकटी बसून, आपण चुकतो का हे बोटानं चाचपत होती, याचं वाईट वाटलं. आणि चुकत नाही हे कळल्यावरही गप्प बसली याचं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊन मिशीत उतरत होतं आणि हात अडकलेले असल्यामुळं ते पुसता येत नव्हतं. त्यानं पुसायचा प्रयत्नही केला नाही.

पाचही जणींच्या मुसळांनी आता ठेका धरला होता. जया आत वळली. तिला पाटावर बसायचं होतं. गाणं आता आतून येत होतं आणि साथ ओटीवरून.

वाल्मीक केव्हाचा जुन्या पेटीची बटणं मोजत होता. पंधराच भरली.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यात तर त्यो सूर न्हाईच. वरची ओळच न्हाई. मग आज कसं आलं?"

गेणबाचं बोट ठिपक्यावर परत आलं होतं. कुंकू बोटाला लागलं होतं.

"जरा सरकून बसलो," तो म्हणाला.

वाल्मीकच्या तोंडावर सवयीचं हसू आलं आणि गेलं. गेणबा वाजवतच होता. वाजवता वाजवता तो घोंगडीवर खरंच थोडा बाजूला सरकला, शेजारी एका माणसाला बसता येईल इतका.